आधी आत, मग दार

माझ्या बहिणीचा नवरा पाट्या रंगवायचा. शेडमध्ये सगळे त्याला ओळंबा म्हणत, कारण त्याने मारलेल्या उभ्या रेघेला खरोखरचा ओळंबा लावून पाहिला तरी सूतभर फरक निघत नसे. हे मी स्वतः एकदा करून पाहिलं होतं, तो जेवायला गेला असताना. चूक सापडेल अशी आशा होती. सापडली नाही.

मी त्याच शेडमध्ये सुतार. फळ्या मी करायचो, त्यावर अक्षरं तो काढायचा. थोरल्या बहिणीचा नवरा म्हणून तोंडावर ‘दाजी’ आणि ‘तुम्ही’, पण मनात कायम ‘तो’. त्याच्या नातीने आजोबांविषयी चार ओळी लिहून मागितल्या आहेत. मला लिहिण्याची सवय नाही, त्यामुळे मनात जसं होतं तसंच लिहितो. गोड काही लिहायला बसलो तर ते खोटं होईल आणि तिला ते लगेच कळेल.

एकतीस वर्षं आम्ही एका छपराखाली काम केलं. मध्ये एक पत्र्याचं कपाट होतं, म्हणून निभावलं. नवी फळी त्याच्या टेबलावर ठेवली की तो एक डोळा मिटून तिच्या कडेवरून बघायचा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायचा.

“मेहुण्या, ही फळी केलीस की होडी? सोड पाण्यात, तरंगते का बघू.”

“दाजी, सरळ नजरेने बघा, सरळच दिसेल.”

“नजर सरळ आहे रे. म्हणून तर दिसतंय.”

मग ताई आजारी पडली. शेवटच्या आठवड्यात तो रोज कामावर आला. एका दवाखान्याच्या बाहेरच्या भिंतीवर निळी अक्षरं काढत होता. ताई गेली असा निरोप आला तेव्हा त्याच्या मनगटापर्यंत निळा रंग होता. तो तसाच घरी गेला. मी हे चार नातेवाइकांत बोललो. बायको मरत होती आणि हा भिंती रंगवत होता, अशा शब्दांत बोललो. फिरत फिरत ते त्याच्या कानावर गेलं. त्याने मला जाब विचारला नाही. फक्त त्या दिवसापासून माझी प्रत्येक फळी घेताना तो बोटाने ठोकून, कान लावून बघायला लागला.

शेडचे म्हातारे मालक वारले, त्यांचा मुलगा मालक झाला. त्याच्याबरोबर स्टिकर कापायचं मशीन आलं. संगणकावर अक्षर टाकलं की मशीन ते कापून देतं, दोन पोरी ते फळीवर चिकटवतात. वर्षभरात बाकीचे दोन पेंटर गेले. ओळंबाचं टेबल तेवढं राहिलं, खिडकीखाली, जिथे दिवसभर सावलीचा सारखा उजेड असतो. दुसरं मशीन आणायचं तर तीच भिंत हवी होती.

“काका, आता घरी बसा आरामात,” मालक म्हणाला.

“घरी बसायला आधी घरात जागा लागते,” ओळंबा म्हणाला.

ते खरं होतं. मुलाच्या दोन खोल्या. याची घडीची खाट दाराच्या आत, बोळात. कुणी आलं-गेलं की उठायचं, खाट दुमडायची, दार उघडायचं, परत खाट टाकायची. रात्री ठीक होतं. दिवसा तिथे त्याला बसायला जागाच नव्हती. सकाळी आठपासून संध्याकाळी सातपर्यंत जगात त्याची म्हणावी अशी एकच जागा होती, ते खिडकीखालचं टेबल. मशीनला करता येणार नाही असं एखादं काम येत राहिलं तरच ते राहणार होतं.

आणि तसं काम आलं. चौकापलीकडे एक चिनी औषधांचं दुकान आहे. मुळ्या, साली, वाळलेली फुलं, आणि ती ठेवायला भिंतभर लाकडी खण. दुकान चालवणारी बाई सत्तरीची असेल, अंगाने काडी, पण आवाज लोखंडी. तिच्या दारावरची पाटी तिच्या वडिलांच्या हातची होती आणि ती मधोमध तडकली होती. तीन चिनी अक्षरं. तिला नवी पाटी हवी होती, हाताने लिहिलेली. मालकाने मशीनचं नाव काढलं तर ती म्हणाली, “मशीनला मनगट आहे का?”

ओळंबाने आपल्या पद्धतीने काम केलं. जुन्या पाटीवर पातळ कागद ठेवून अक्षरांची कड काढून घेतली, कडेवर सुईने टोचे मारले, कागद नव्या फळीवर लावून खडूच्या भुकटीची पुरचुंडी आपटली. फळीवर ठिपक्यांची अक्षरं उमटली. मग आधी सगळ्या आडव्या रेघा, मग सगळ्या उभ्या, मग तिरप्या. पाटीवाले असंच करतात, एका जातीच्या रेघा एका दमात, म्हणजे जाडी सारखी येते. आपल्या अक्षरांतसुद्धा तो फळीभर शिरोरेघ आधी मारून घ्यायचा आणि मग वाळत घातलेल्या कपड्यांसारखी अक्षरं तिला लटकवायचा. पाटी देखणी झाली होती. मला ते मान्य करावं लागलं, अर्थात मनात.

बाई आली. तिने पाटी उचलली, खिडकीशी नेली आणि उजेड तिरपा पडेल अशी धरली.

“हे कुणी लिहिलं?”

“मी,” ओळंबा म्हणाला.

“लिहिलं नाहीत. रंगवलंत.” तिने पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं. एक मोठी चौकट, तिच्या पोटात एक लहान चौकट. “सगळ्या आडव्या खाली, उभ्या त्यांच्यावर चढलेल्या. आणि कोपरे जोडलेत. या अक्षराला सहा रेघा आहेत. तुम्ही आठ केल्या.”

“दोन चौकटी, चार-चार बाजू. आठच होतात. शाळेत शिकलोय.”

“वरची बाजू आणि उजवी बाजू ही एकच रेघ. ब्रश न उचलता वळायचं.”

“बाई, अक्षर दिसतंय ना तेच? जुन्यावर ठेवून बघा, केसाचा फरक नाही. कुठली रेघ आधी मारली ते गिऱ्हाईक बघणार आहे का? ते औषध घ्यायला येतं, पाटी चाटायला नाही.”

“मी बघणार आहे,” ती म्हणाली. “रोज दार उघडताना.”

आणि पाटी टेबलावर पालथी ठेवून गेली. तिचा निरोप मालकाकडे आला: पेंटरला शिकायचं असेल तर दुपारी दुकानात पाठवा, नाहीतर पाटी नको. मालकाने हिशेब सोपा केला. महिनाअखेरच्या शनिवारी संध्याकाळपर्यंत पाटी तिने सहीशिक्क्यानिशी घेतली तर टेबल राहील, अशी हाताची कामं आणखी शोधू. नाहीतर सोमवारी मशीन येईल.

सहासष्टाव्या वर्षी ओळंबा पाटी-पेन्सिल घेऊन शाळेत निघाला. आणि नशीब असं की मीही बरोबर. तिच्या दुकानातले चाळीसेक खण अडकत होते, ते दुरुस्त करायला मालकाने मला त्याच दुपारी लावलं. रंधा हातात, पाठ त्यांच्याकडे, कान उघडे.

तिने त्याला औषध बांधायच्या कागदावर पाण्याने लिहायला लावलं. रंग नाही, शाई नाही. पाणी वाळलं की अक्षर गेलं. पहिले दोन दिवस फक्त एक आडवी रेघ. तिच्या हातात तराजूची पितळी दांडी असायची. रेघ चुकली की ती दांडी टेबलावर वाजायची.

“परत.”

“बाई, मी चाळीस वर्षं रेघा मारतोय.”

“म्हणूनच. मारताय. परत.”

तो दात-ओठ खायचा, पण परत रेघ मारायचा. तिसऱ्या दिवसापासून ती नियम सांगायला लागली. वरून खाली. डावीकडून उजवीकडे. आडवी आणि उभी एकमेकींना छेदत असतील तर आडवी आधी. डावीकडे उतरणारी तिरपी आधी, उजवीकडची नंतर. मधला खांब आणि दोन बाजूंना कान असतील तर खांब आधी. आणि चौकट असेल तर तीन बाजू काढायच्या, आतलं सगळं काढायचं आणि खालची रेघ शेवटी.

“का?” ओळंबाने विचारलं. “चौकट करायची तर एकदम करावी. सुताराला विचारा. ए मेहुण्या, चौकट अर्धी ठोकून ठेवतोस का कधी?”

“मला तुमच्यात ओढू नका,” मी म्हणालो.

“आधी माणसं आत जातात, मग दार लावतात,” बाई म्हणाली. “तुम्ही दार लावून घेता आणि मग माणसांना भिंतीतून कोंबता.”

“आमच्याकडे माणसांनाच बोळात ठेवतात. दार उघडायचं तर माणूस दुमडावा लागतो.”

तिला ते कळलं नाही. तिने दांडी वाजवली. “परत.”

तीन आठवडे हे चाललं. दोघांत गोडी निर्माण झाली असं कुणाला वाटत असेल तर तसं काही झालं नाही. ती त्याला नावाने हाक मारायची नाही, ‘पेंटर’ म्हणायची. तो तिला पाठीमागे ‘फौजदार’ म्हणायचा, आणि एकदा तोंडावर म्हणाला. पहिल्या अक्षराचा अर्थ काय असं त्याने विचारलं तेव्हा ती म्हणाली, “लिहिता येत नाही त्याचा अर्थ काय करायचाय?” त्याने पुन्हा विचारलं नाही. मीही नाही, त्यामुळे तो मला आजही माहीत नाही.

सुंभ जळतो पण पीळ जात नाही. त्याचा हात सुधारला, पण घाईत असला की जुनी सवय उसळायची. चौकट दिसली की ब्रश आपोआप खाली जाऊन ती बंद करायचा. बाईची दांडी वाजायची. मी खणांच्या मागून मोजत असायचो. दांडी वाजायच्या आधीच मला कळायला लागलं होतं की चुकला. सहा रेघांचा तो क्रम माझ्या रंध्यातही शिरला होता. खोटं कशाला बोलू, तो चुकला की मला बरं वाटायचं.

शेवटचा शनिवार आला. त्याने पाटी दुकानातच लिहायची, बाईसमोर, असं ठरलं होतं. टोच्यांचा कागद नाही, खडू नाही, मोकळ्या हाताने. फळी मी केली होती, दोन वेळा रंगाआधीचं अस्तर लावून, काचेसारखी घासून. तशाच दोन केल्या होत्या. फळी कधीही दगा देऊ शकते, म्हणून मी महत्त्वाच्या कामाला जोडफळी करतो. दुसरी शेडमध्ये भिंतीला टेकवून ठेवली होती. त्याने फळी घेतली, बोटाने ठोकली, कान लावला. मग टोमणा न मारताच ब्रश काढला.

दुपारचे तीन वाजले असतील. त्याने शेवटचं अक्षर आधी केलं, मग मधलं. क्रम बरोबर. बाई शेजारी उभी, दांडी हातात, पण एकदाही वाजली नाही. पहिलं अक्षर त्याने शेवटी ठेवलं होतं. डावी उभी रेघ. मग वरून वळून उजवी, एका दमात, कोपरा असा की बघत राहावं. तेवढ्यात दारात एक बाई खोकणाऱ्या मुलीला घेऊन आली. औषधवाली गल्ल्याकडे वळली, खण उघडायला लागली, तराजू मांडला.

ओळंबाने ब्रश रंगात बुडवला. आणि थेट खालची रेघ मारली. चौकट बंद.

त्याचा हात हवेतच थांबला. आत काहीच नव्हतं. रिकामी चौकट.

त्याने मान वर केली तर समोर मी. माझ्या हातात खण होता. दोघांनाही सगळं कळलं होतं. आतली चौकट बाहेरच्या चौकटीला कुठेच शिवत नाही. रंग वाळल्यावर, तिरप्या उजेडात धरली तरी, ती आधी झाली की नंतर हे कुणालाही ओळखता येणार नव्हतं, बाईलासुद्धा नाही. त्याने फक्त आतल्या तीन रेघा मारायच्या होत्या. अर्ध्या मिनिटाचं काम. मग शिक्का, मग टेबल.

मी हळू आवाजात म्हणालो, “दाजी, मारा पुढे. मला काही दिसलं नाही.”

हे मी का म्हणालो, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. दया आली म्हणून म्हणालो असं लिहायला मला आवडलं असतं. पण म्हणताना मला आनंद होत होता. जन्मभर माझ्या फळ्या ठोकून बघणाऱ्या माणसाची एक चूक आता माझ्या खिशात येणार होती आणि रोज सकाळी तो टेबलाशी बसेल तेव्हा ती माझ्या खिशात असणार होती. ते बहुधा माझ्या तोंडावर दिसलं असावं.

“काय म्हणालास?”

“दिसलं नाही म्हणालो.”

तोही हळूच बोलला. “तुझी ताई रोज सकाळी मला कामावर ढकलायची. मी समोर बसलो की तिला कण्हता यायचं नाही. तुला ते दिसलं नव्हतं, तरी गावभर सांगत फिरलास. आज डोळ्यांनी बघितलंस, तर दिसलं नाही म्हणतोस. तुझ्या डोळ्यांवर एक पाटी लावून देऊ का, उघडे आहेत की बंद ते कळायला?”

त्याने चिंधी टर्पेंटाइनमध्ये बुडवली आणि ते अक्षर पुसलं. निळट काळा डाग फळीभर पसरला, खालचं अस्तर सुटून चिंधीला आलं. मधलं अक्षरही अर्धं गेलं.

गिऱ्हाईक गेलं, बाई परत आली. तिने डाग बघितला.

“काय झालं?”

“दार आधी लावलं,” ओळंबा म्हणाला.

तिने दांडी वाजवली नाही. “अस्तर वाळायला किती दिवस?”

“दोन,” तो म्हणाला.

“मग मंगळवारी या.”

शनिवारचं काय ठरलं आहे हे तिला माहीत नव्हतं. मालकाने तिला सांगितलं नव्हतं. ओळंबाने सांगितलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. साडेतीन वाजले होते. शेड दहा मिनिटांवर. दुसरी फळी तिथे तयार उभी होती, सहापर्यंत पाटी सहज झाली असती. मी खणाची कड घासत राहिलो. तो ब्रश धूत राहिला, नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेळ. मग हात पुसून निघून गेला.

सोमवारी मशीन आलं. टेबल दोन माणसांनी उचलून मागच्या अंगणात ठेवलं. त्याच्या पायांवर चाळीस वर्षांचे रंगाचे थर होते, मालक म्हणाला सरपणालासुद्धा चालणार नाही. ओळंबा शेडमध्ये फिरकलाच नाही.

मंगळवारी मात्र तो दुकानात होता. माझे पाच खण राहिले होते म्हणून मीही होतो. अस्तर त्याने स्वतः लावलं होतं, मला न विचारता. तीनही अक्षरं त्याने लिहिली. चौकटीच्या तीन बाजू, आतली चौकट पुरी, मग थांबला, श्वास घेतला आणि खालची रेघ. बाईने पाटी उजेडात धरली. खूप वेळ बघितली.

“सहा,” ती म्हणाली.

“सहा,” तो म्हणाला.

एवढंच. तिने शिक्का मारलेली पावती पुढे केली. त्याने ती घेतली नाही, माझ्याकडे बोट दाखवलं. “याला द्या. मालकाला नेऊन देईल. याला निरोप न्यायची हौस आहे.”

पाटी मी दारावर ठोकली. अजून आहे.

त्यानंतर तो चार वर्षं जगला. दिवसा उद्यानात, वाचनालयात, कुठल्याशा बाकावर. पाऊस असला की बोळात, खाटेवर. मी सणावारी, नात्याला धरून जायचो. पाणी यायचं, पंधरा मिनिटं बसायचो, निघायचो. शेवटच्या वर्षी एकदा गेलो तेव्हा घरात दुसरं कुणी नव्हतं. दोघं खाटेच्या दोन टोकांना बसलो होतो.

तो म्हणाला, “त्या शनिवारी दुसरी फळी तयार होती ना तुझ्याकडे?”

“होती.”

“माहीत होतं. सकाळी भिंतीला टेकवलेली बघितली होती.”

“मग मागितली का नाही?”

“तू दिली का नाहीस?”

फळी चांगली होती की वाकडी, हेसुद्धा त्याने विचारलं नाही, आणि मला वाटतं तेवढं तरी त्याने विचारायला हवं होतं.

बाहेरून दार वाजलं. नात शाळेतून आली होती. दार उघडायचं तर खाट काढायला हवी, म्हणून आम्ही दोघं उठलो. त्याने एक टोक धरलं, मी दुसरं, आणि खाट दुमडली.